खांद्यावर हात पडेपर्यंत

बचाव पथकातली माणसं हेलिकॉप्टरपेक्षा मास्तरीणबाईंना जास्त घाबरायची, आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. हेलिकॉप्टर निदान आवाज करत येतं. बाई रबरी तळव्यांचे बूट घालून यायच्या.

बाईंचं काम एकच. हेलिकॉप्टरजवळ माणसाने कसं वागावं, हे त्या बावीस वर्षं शिकवत होत्या. हँगरला लागून असलेल्या पत्र्याच्या खोलीत त्यांनी जाळी काढलेला एक जुना लोखंडी पंखा टेबलावर उताणा पाडून ठेवला होता. त्याच्या शेजारी एक तिरपी फळी, म्हणजे डोंगराचा उतार. पंखा सुरू करून बाई एक गाजर उताराच्या खालच्या अंगाने त्याच्याकडे न्यायच्या. गाजर शाबूत. मग तेच गाजर चढाच्या बाजूने सरकवायच्या, आणि त्याचा वरचा अर्धा भाग पहिल्या रांगेतल्या कुणाच्या तरी मांडीवर येऊन पडायचा.

"पातं आहे तिथेच फिरतं. जमीन वर चढत जाते," त्या म्हणायच्या. "चढाच्या बाजूने आलात, तर तुमचं डोकं आणि पातं एका उंचीवर. कुणाला काही शंका?"

शंका नसायची. पहिल्या रांगेत बसायला लोकही नसायचे.

बाकीचे नियमही सतत त्यांच्या तोंडी असत. शेपटीकडे फिरकायचं नाही. टोपी, मफलर, चष्मा, जे उडेल ते खिशात. वैमानिकाने इशारा केल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. अडकलेल्या माणसासाठी तर आणखी सोपं: हेलिकॉप्टर लांब असेल तेव्हा दोन्ही हात वर धरा, उतरायला लागलं की हात खाली. हात हलवलात तर वैमानिक समजतो की तुम्ही त्याला हाकलताय. खाली बसा, मान खाली घाला आणि पथकातल्या माणसाचा हात खांद्यावर पडेपर्यंत हलू नका.

नियम मोडणाऱ्यासाठी खोका होता. औषधांचा रिकामा लाकडी खोका, खोलीच्या मधोमध. ज्याने चूक केली त्याने पुढच्या वर्गात त्यावर उभं राहून ती सगळ्यांना सांगायची. कुणी "सॉरी" म्हणू लागला की बाई त्याला तिथेच तोडत. "माफी नको, तपशील हवा. किती पावलं, कुठल्या बाजूने, हवेची दिशा काय."

खोक्याचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक म्हणजे धांदल्या. दोरावरून माणसं वर ओढणारं यंत्र त्याच्याकडे होतं. चाळिशी उलटलेली, दोन मुलींचा बाप, हात सोन्यासारखे आणि पायांना चाकं. तो चार वेळा खोक्यावर चढला होता. त्यात एकदा तर स्वतःच्या टोपीमागे धावत थेट शेपटीच्या पंख्यापर्यंत पोचला होता. बाईंनी त्या दिवशी त्याला असं फैलावर घेतलं की तो घरी जाऊनही बराच वेळ उभाच होता म्हणतात.

घरी मात्र बाईंचं कुणी ऐकत नसे. घरी फक्त नवरोबा होते. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं आणि स्वतःच्या चष्म्याचा नंबर उणे नऊ. दर आठवड्याला बाई नवा वर्ग सुरू होण्याआधी स्वयंपाकघरात व्याख्यानाची उजळणी करायच्या, आणि नवरोबा वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसायचे.

"ऐकताय ना?"

"हो ना. तुझं हेलिकॉप्टर उतरलं असेल तर ताटं घेऊ का?"

बावीस वर्षांत या माणसाच्या कानात एक शब्द शिरला असेल तर शपथ, असं बाईंचं ठाम मत होतं. शिवाय तो एका जागी बसणारा प्राणीच नव्हे. दाढी करतानाही चार वेळा फेस घेऊन खिडकीत जाऊन यायचा, कारण बाहेर कुठला तरी पक्षी ओरडलेला असायचा.

त्या शनिवारी गाजर नुकतंच अर्धं झालं होतं, तेवढ्यात नियंत्रण कक्षातली मुलगी कागद घेऊन आत आली. वैमानिक दारातच उभा होता. तिने वाचून दाखवलं. "एकटा पुरुष, साठीच्या आसपास. पुलापलीकडच्या डोंगरावर, वरच्या कड्याखाली. घसरून पडला, पाय मोडला असावा. पक्षी बघायला गेला होता. म्हणाला, हेलिकॉप्टर नका पाठवू, बायकोला कळेल. मग फोन बंद पडला."

वर्ग खो खो हसला. बाईही हसल्या, पण जरा उशिराने. सकाळी नवरोबा दुकानात काचा पुसायला म्हणून बाहेर पडले होते, आणि खुंटीवर दुर्बीण नव्हती, हे त्यांना आत्ता आठवलं.

नियम बाईंनीच लिहिला होता: अडकलेला माणूस आपला असेल तर आधी सांगायचं आणि जमिनीवर राहायचं. जिवाची घालमेल झालेल्या माणसाला पात्याखाली नेऊ नये. पण त्या दिवशी पथकातला दुसरा गडी तापाने अंथरुणात होता आणि त्याच्या जागी बाईंचं नाव होतं. त्यांनी तोंडातून चकार शब्द काढला नाही. शिरस्त्राण डोक्यावर घातलं, पट्टा आवळला आणि जाऊन धांदल्याशेजारी बसल्या.

ढग खाली आले होते. कडा सापडायला चाळीस मिनिटं गेली. त्या चाळीस मिनिटांत बाईंनी नवऱ्याला मनातल्या मनात जितकं झापलं तितकं लग्नानंतरच्या तीस वर्षांत झापलं नसेल. खोटारडा म्हणाल्या, म्हातारा म्हणाल्या, पाखरांच्या मागे लागलेला गाढव म्हणाल्या. आणि मग ढग फाटले आणि खाली नवऱ्याचं निळं जाकीट दिसलं.

ते एका दगडाला टेकून बसले होते. डोकं गुडघ्यांत.

वैमानिकाने गोल घिरटी घातली. डोंगराच्या उतारावर एक अरुंद सपाट पट्टा होता, डावीकडे दरी, उजवीकडे चढ. निळं जाकीट त्या चढावर, वीसेक पावलं वर. हेलिकॉप्टर खाली येऊ लागलं तशी धूळ उडाली, गवत आडवं झालं, जाकिटाच्या बाह्या फडफडल्या. आतला माणूस हलला नाही.

बाईंनी काचेवर हात आपटला. मग हात हलवला. तो काही यांच्याकडे बघेना. एवढ्या गोंगाटात मेलेला माणूससुद्धा दचकून उठेल, असं त्या स्वतःच वर्गात सांगायच्या. आणि हा, ज्याला सिनेमाला नेलं तर तीनदा खुर्ची बदलतो, तो दगडासारखा बसून होता.

गेला, बाईंना वाटलं. चाळीस मिनिटं मी शिव्या देत होते आणि हा गेला.

उतारावर टेकलं की डाव्या दाराने उतरायचं, दरीच्या बाजूने पुढे जायचं, वैमानिकाला दिसेल असं, लांबून वळसा घालून वर चढायचं. बाईंनी हे हजारभर माणसांना शिकवलं होतं. हेलिकॉप्टर टेकलं. बाईंनी उजवं दार उघडलं आणि चढाकडे धावल्या.

एक पाऊल. दोन. तीन. चौथं पाऊल उचललं आणि पाठीमागून कुणीतरी पट्ट्याला धरून त्यांना असं खेचलं की त्या पाठीवर आपटल्या. वर बघितलं तर धांदल्या. त्याचं तोंड हलत होतं, ऐकू काहीच येत नव्हतं, पण तो काय म्हणतोय ते बाईंना ओठांवरून कळलं. जमीन वर चढत जाते, बाई. जमीन वर चढत जाते.

त्याने त्यांना रांगत मागे आणलं, हेलिकॉप्टरच्या आतून डाव्या दाराने उतरवलं आणि वैमानिकाने अंगठा वर केल्यावरच दंडाला धरून लांबून, वळसा घालून वर नेलं. चाकं नव्हती त्या दिवशी त्याच्या पायांना. बाईंना तो वळसा संपता संपेना.

त्या नवऱ्यासमोर गुडघ्यांवर बसल्या. हात पुढे केला, मागे घेतला, मग खांद्यावर ठेवला.

"आता हलू का?" गुडघ्यांतून आवाज आला.

नवरोबांनी डोकं वर केलं. डोळे मिचमिचे, कारण चष्मा नव्हता. तो खिशात होता, चेन लावलेल्या. टोपी मांडीखाली दाबलेली. दुर्बीण जाकिटाच्या आत. समोर कोण आहे हे त्यांना दिसत नव्हतं.

"बायकोला सांगू नका हं," ते त्या धूसर आकाराला म्हणाले. "पण तिला विचारा हवं तर. मी अगदी शहाण्यासारखा बसलो होतो."

बाई रडल्या. धांदल्याने नजर दरीकडे वळवली.

पुढच्या शनिवारी खोली भरली होती. पहिल्या रांगेत फक्त एक माणूस, पाय प्लास्टरमध्ये, वर्तमानपत्र उघडलेलं. गाजर आणलेलं नव्हतं. बाई खोक्यावर चढल्या. बावीस वर्षांत पहिल्यांदाच.

"मी दोन नियम मोडले," त्या म्हणाल्या. "आपलं माणूस आहे हे सांगितलं नाही. आणि चढाच्या बाजूने उतरले. मला वाईट वाटतं की…"

"माफी नको," मागच्या बाकावरून धांदल्या म्हणाला. "तपशील हवा."

कुणी हसलं नाही. बाईंनी मान हलवली.

"उजवं दार. वारा समोरून. तीन पावलं. मी बुधवारी पुन्हा तिथे गेले होते, टेप घेऊन, चढ मोजायला. चौथ्या पावलाला पात्याचं टोक माझ्या कपाळाच्या उंचीवर येतं. इथे." त्यांनी भुवईच्या वर बोट ठेवलं. "मला वाटलं होतं तो मेलाय. तो नियम पाळत होता."

वर्तमानपत्र हळूहळू खाली आलं. नवरोबांना हे कुणी सांगितलं नव्हतं. आठवडाभर ते घरी पाय उशीवर ठेवून आपल्या शहाणपणाची टिमकी वाजवत होते आणि बायको नुसती ऐकून घेत होती, याचं त्यांना नवल वाटत होतं. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला आणि बायकोच्या कपाळाकडे बघत राहिले.

"कुणाला काही शंका?" बाईंनी विचारलं. सवयीने.

पहिल्यांदाच एक हात वर झाला.

"पुढच्या वेळी," नवरोबा म्हणाले, "मी हात हलवीन. म्हणजे तुला कळेल."

बाई खोक्यावरून खाली उतरल्या.

"हलवायचा नाही," त्या म्हणाल्या. "बसून राहायचं. मी वळसा घालून येईन."