अशा मुलांना गळा असतो

शाळेच्या माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर तिचा फोटो होता: काळा चष्मा, हातात पांढरी काठी आणि खांद्यावर मुख्याध्यापकांचा हात. तो हात फोटोपुरताच आला होता. एरवी सर स्वतः तिच्या वर्गाला गणित शिकवत आणि फळ्याकडे तोंड करून म्हणत, "हे यातून गेलं, ते इकडे आलं, झालं." मुलगी विचारायची, "सर, हे म्हणजे काय?" वर्गाने तिचं नावच 'म्हणजेकाय' पाडलं. सरांना ते नाव आवडलं नसतं, तर त्यांनी थांबवलं असतं.

नववीत त्यांनी तिच्या आईला बोलावलं. आई कपड्यांची दुरुस्ती करायची. आली तेव्हा बाहीला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले होते.

"गणित सोडू दे तिला," सर मायेने म्हणाले. सरांची माया नेहमी दुसऱ्याला काहीतरी सोडायला लावायची. "नियमात सवलत आहे. त्याबदली गायन घेता येतं. अशा मुलांना गळा असतोच."

"हिला नाही, सर. ही गायला लागली की शेजारचे खिडक्या लावून घेतात."

"घरच्यांना किंमत नसते हो."

"मला गणितच हवंय, सर," मुलगी म्हणाली. "मला पुढे हिशेबाचं शिकायचंय. गणित सोडलं की तिथे कोण उभं करणार?"

शेवटी असं ठरलं, की सहामाहीत पास झाली तर गणित, नापास झाली तर गायन. परीक्षेला लेखनिक हवा, तो खालच्या वर्गातला हवा आणि त्याने मुलगी सांगेल तेवढंच लिहायला हवं. सरांनी आठवीतली आपली भाची दिली. अभ्यासात बेताची, पण मनाने फार मऊ. देखरेखीला गायनबाई बसल्या, कारण त्यांचा तो तास रिकामा होता.

परीक्षेत मुलगी ग्रंथालयाच्या टेबलावर बोट फिरवत गणित मांडायची आणि उत्तर सांगायची. "मायनस सात लिही." भाचीला भरून आलं. उत्तर असं शून्याच्या खाली कसं जाईल? बिचारीला दिसत नाही, चुकली असेल. तिने मायनस गाळला. पुढच्या गणितात कंसाबाहेरचा आकडा जास्तीचा वाटला, तो खोडला. जिथे जमेल तिथे तिने अशी मदत केली.

"लिहिलंस ना?"

"हो ताई. अगदी छान लिहिलंय."

मुलगी सपशेल नापास झाली. सरांना वाईट वाटलं, पण जेवण गोड लागण्याइतपत.

दुसऱ्या दिवशी ती गायनाच्या वर्गात बसली. बाईंची मुलं आंतरशालेय स्पर्धेची तयारी करत होती आणि यंदा ढाल येणार अशी बाईंची खात्री होती. मुलीने पहिला सूर लावला तेव्हा समोरची दोघं हसली आणि मागची चारजणं बेसूर झाली. तास संपताच बाई मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरल्या.

"सर, ती मुलगी मला नको."

"बाई, थोडी सहानुभूती ठेवा."

"ठेवलीय की. पण परीक्षक कान घेऊन येतात."

"गणितात नापास झालीय ती."

"कुठे झालीय? मी होते ना तिथे. ती मायनस सात म्हणाली, तुमच्या भाचीने नुसतं सात लिहिलं. मला वाटलं, हल्ली तसंच लिहीत असतील."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तेव्हा ती माझ्या गळ्यात पडणार हे कुठे ठाऊक होतं?"

भाचीला बोलावलं. ती मुसमुसत म्हणाली, "मामा, तुम्हीच म्हणालात ना, बिचारीला सांभाळून घे."

घरचा प्रश्न असल्यामुळे प्रकरण गाजवण्याची सोय नव्हती. फेरपरीक्षा ठरली. लिहायला कोण, यावर सर विचारात पडले, तर बाई स्वतःच पुढे झाल्या. "खालच्या वर्गातलाच हवा ना? मला गणितातलं ओ की ठो कळत नाही. ती म्हणेल ते उतरवीन."

आणि त्यांनी खरंच उतरवलं. स्वल्पविरामसुद्धा विचारून टाकला. समोर ढाल दिसत असली की माणूस किती प्रामाणिक होतो, ते त्या पेपरात बघण्यासारखं होतं.

मुलगी चांगल्या गुणांनी पास झाली. सरांनी आईला बोलावून पेढे द्यावेत तसा निकाल दिला. "बघा, आमच्या शाळेत संधी मिळते."

"हो, सर," आई म्हणाली. "मागितली की मिळते. पुन्हा मागितली की नीट मिळते."

मुलीने विचारलं, "वार्षिकला बाईच येतील ना लिहायला?"

"बघू. नियमात बसतं का ते पाहावं लागेल."

दारात उभ्या असलेल्या बाई घाईघाईने म्हणाल्या, "बघूबिघू काही नको, सर. नाहीतर ही परत माझ्याकडे येईल."