पहिले तीन महिने

फरीदाचं दुसरं बाळ सातव्या महिन्यात मेलेलंच जन्मलं. तिच्या नवऱ्याने, अझहरने, ते पांढऱ्या कपड्यात गुंडाळून एकट्याने कब्रस्तानात नेलं. पहिलं तर चौथ्याच महिन्यात गेलं होतं. फरीदा कामावर परतली, तेव्हा मॅनेजर गोरक्षनाथने सगळ्यांदेखत विचारलं, "नवरा नात्यातला आहे का गं? तुमच्यात होतात तशी लग्नं. मग असंच व्हायचं."

अझहर तिच्या नात्यातला नव्हता. तो बेलापूरचा, ती नगरची.  त्या दिवसापासून नमाजानंतर हात पसरले की ती एकच दुआ मागायची, या गोरक्षनाथच्या घरातला पाळणाही रिकामा राहू दे.

कारखाना शहराबाहेर होता. विजेच्या मीटरमध्ये बसणाऱ्या सर्किटच्या पट्ट्या तिथे तयार व्हायच्या. फरीदासह धुलाई विभागातल्या बायका या पट्ट्या सॉल्व्हंटच्या, म्हणजे चिकटा काढणाऱ्या रसायनाच्या, टाकीत बुडवून ब्रशने घासायच्या. हातमोजे फाटलेले असायचे आणि गोडसर वास घरी गेल्यावरही केसांतून जात नसे. जेवणाच्या सुट्टीत फरीदा एकेकीला विचारू लागली. धुलाईतल्या बऱ्याच जणींची पोटं पडली होती. भिंतीपलीकडच्या पॅकिंगमध्ये असं क्वचितच घडलं होतं.

तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टर निकिता वैद्यकीय महाविद्यालयात शिकवायच्या. फरीदाने त्यांना सगळं सांगितलं आणि म्हणाली, "मॅडम, कागदावर आणा. मला तो माणूस बुडवायचाय."

"मी कुणाला बुडवायला येणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "त्या सॉल्व्हंटने बाळांना धोका होतो का, एवढंच बघेन. दोन्ही विभागांतल्या सगळ्या बायकांना विचारावं लागेल. ज्यांची मुलं चांगली आहेत, त्यांनाही."

फरीदाला ते पटेना. धुलाईत राहीबाई होती. कर्जतकडची, गोरक्षनाथच्या भावकीतली. तिला दोन धडधाकट पोरं झाली होती, दोन्ही याच नोकरीत असताना.

"तिला वगळा," फरीदा म्हणाली. "तिच्यामुळे सगळं खोटं ठरेल."

"तिला वगळलं तर मात्र खरंच खोटं ठरेल. त्यांच्या वकिलाला तेवढंच पुरेल."

मग फरीदाच्या घरी एकेक बाई येऊ लागली. डॉक्टर प्रत्येकीला तेच विचारायच्या. वय काय, मिश्री लावता का, लग्न नात्यात झालंय का, आधीचे आजार कोणते, आणि दिवस गेले तेव्हा नेमकं कुठलं काम होतं. राहीबाई आली तेव्हा फरीदाने तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. ती दाराशी उभी राहून ऐकत होती.

"दिवस राहिले तेव्हा धुलाईतच होतात?" डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाई वो. पाळी चुकली म्हनून घरी सांगितलं, तर सायबांनी दुसऱ्याच दिशी कॅन्टीनला लावलं. दोन्ही येळंला. म्हनले, आता टाकीजवळ फिरकू नगंस."

डॉक्टरांचं पेन थांबलं.  म्हणजे त्याला माहीत होतं.

राहीबाईने फरीदाकडे पाहिलं आणि आपण काय बोललो, ते तिच्या लक्षात आलं. "डॉक्टरबाई, माझं नाव घेऊ नका. भावकी हाय."

"तुझी पोरं शाळेत जातात, राही," फरीदा म्हणाली. "माझी दोन मातीत आहेत. तुला वाचवलं त्याने, मग तू मला का नाही सांगितलंस?"

राहीबाई पदर तोंडाला लावून बसली. मग म्हणाली, "बोलंन मी."

सगळ्यांची माहिती जुळवून झाल्यावर चित्र स्पष्ट झालं. पहिले तीन महिने टाकीजवळ काढलेल्या बायकांमध्ये गर्भपात पॅकिंगच्या दुपटीहून जास्त होते. वय, मिश्री, नात्यातलं लग्न, सगळं धरूनही फरक उरत होता. त्याच महिन्यांत टाकीपासून दूर गेलेल्यांची मुलं बहुतेक सुखरूप होती.

"म्हणजे माझी बाळं त्यानेच गेली ना?" फरीदाने विचारलं.

"एकेका बाळाचं मी सांगू शकत नाही, फरीदा. सगळ्यांचं मिळून सांगू शकते."

फरीदाला संताप आला. डॉक्टरांचाही आला. पण या तक्रारीवर सरकारने नेमलेल्या चौकशी समितीची बैठक तोंडावर आली होती आणि तिने तो राग जपून ठेवला.

चौकशी समितीपुढे गोरक्षनाथ इस्त्रीचा शर्ट घालून आला. तो म्हणाला, "या बायका मिश्री लावतात, नात्यात लग्नं करतात आणि खापर कंपनीवर फोडतात. धुलाईतल्याच राहीबाईला विचारा. दोन मुलं आहेत, एकदम ठणठणीत."

फरीदाने त्याला पूर्ण बोलू दिलं. खाली बसू दिलं. पाण्याचा ग्लास उचलू दिला. मग ती उठली. "साहेब म्हणतात तसंच करा. विचारा तिला."

राहीबाईने उभं राहून सगळं सांगितलं. गोरक्षनाथने ग्लास परत ठेवला, तो टेबलाच्या कडेला लागून कलंडला आणि पाणी त्याच्या मांडीवर सांडलं. अध्यक्षांनी विचारलं, "धोका नव्हता, तर हिला का हलवलंत?" तो नुसता रुमालाने पँट पुसत राहिला.

टाकी बंद झाली. कंपनीने सगळा दोष गोरक्षनाथवर ढकलून त्याला काढून टाकलं. पुढे गुन्हाही दाखल झाला. कोर्टाची तारीख जवळ आली तेव्हा तो फरीदाच्या दारात आला. सावेडीतल्या आपल्या बंगल्यातून सकाळीच निघाला असावा, दाढीही केली नव्हती.

"फरीदाताई, तक्रार मागे घ्या म्हणून तुम्ही सांगितलंत तर बाकीच्या बायका ऐकतील. मी नोकरमाणूस. वरून दाब होता हो माझ्यावर."

"कुणाचा?"

त्याने मागे वळून रस्त्याकडे पाहिलं.

"नावं घ्या. इथं नाही, कोर्टात."

"मग मी कायमचा संपेन."

"संपा," फरीदा म्हणाली आणि दार लावून घेतलं.

कोर्टात त्याने कारखान्याच्या दोन्ही मालकांची नावं घेतली. खटला आता तिघांवर चालू आहे. अझहर म्हणतो, पुरे झालं, आता घराकडे बघ. तिलाही वाटलं होतं की गोरक्षनाथला आरोपी म्हणून उभा पाहिल्यावर जीव निवेल. तसं झालं नाही. तारीख पडली की ती जाते आणि पहिल्या बाकावर बसते, त्याला मान वर करताच दिसेल अशी.