प्रेशर स्विचची साक्ष

पोळा होऊन तिसऱ्या दिवशी सकाळी मंगरूळपीर रस्त्यावरील आमच्या तेलगिरणीचा मोठा घाणा तिसऱ्यांदा आपोआप बंद पडला. त्या यांत्रिक घाण्याच्या बेअरिंगांना ग्रीस पुरवणारा स्वयंचलित पंप चार महिन्यांपूर्वी माझ्याच आग्रहावरून बसविण्यात आला होता. ग्रीसच्या नळीच्या अखेरच्या टोकास प्रेशर स्विच होता. तेथवर दाब पोहोचला नाही, तर तो घाण्याची वीज तोडीत असे.

मालक दौलतराव संतप्त मुद्रेने आले.

"भाऊसिंग, पोळा सरला, त्यातली झडत्यांची गाणी सरली, पण तुया स्विचच्या झडत्या काही सरून नाई राह्यल्या!"

"मालक, दाब येऊन नाई राह्यला, म्हणून तो बंद करते."

"पंपाचा आवाज तर येते. स्विचच खराब हाये. दोन वायरी जोड अन् घाणा सुरू कर."

वायरी जोडल्या असत्या तर स्विच मुका झाला असता. आणि दाब खरोखरच नसता, तर मुख्य बेअरिंग कोरडे फिरून जळाले असते. मी अर्ध्या तासाची मुदत मागितली.

"घे. पण स्विच खराब निंघाला, तर पाना ठिवून घरी जाय."

फिटरची ही जागा मला आठ वर्षांच्या हेलपाट्यांनंतर लाभली होती. मी पंपाजवळची नळी सोडली. पंप फिरत होता, परंतु ग्रीसचा थेंबही बाहेर येईना. टाकी उघडून तळाची जाळी काढली. ती पिवळ्या लगद्याने पूर्ण बुजली होती. वास घेतला, तो हळदीचा!

घाण्यावरील वृद्ध कारागीर उकंडराव मागेच उभे होते. त्यांनी मान खाली घातली.

"भाऊ, पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणीले बैलाचे खांदे तूप-हळदीनं मयले. मंग वाटलं, हा घाणाबी सालभर जुतूनच राह्यते. याचे खांदे कोठी हायेत, मले समजलं नाई. म्हणून तूप-हळद टाकीतच घातली."

"किती?"

"तांब्याभर."

दौलतरावांनी जाळी हातात घेऊन हुंगली. नंतर म्हणाले, "अन् आवतन देल्लं काय त्याले, उद्या जेवाले ये म्हणून?"

"देल्लं ना, मालक."

यावर मालकांना असे हसू फुटले की त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. "पुढच्या साली बाहीरून टिक्का लावजा, बुवा!"

टाकी व जाळी स्वच्छ करून मी नवे ग्रीस भरले. दाबमापकाचा काटा सावकाश वर चढला, हिरवा दिवा लागला आणि घाणा फिरू लागला. काही वेळाने मी मुख्य बेअरिंगच्या बाहेरील आवरणावर तळहात ठेवला. ते केवळ कोमट होते.

"कसं हाये?" मालकांनी विचारले.

"शाबूत हाये, मालक."

एवढे बोलून मी जवळच्या पोत्यावर बसलो.  छातीवरील ओझे पूर्णतः उतरले होते.