संदलाची वाटी

महताबचाचा मला आधी वासाने आठवतात: ऊद, ओलं चंदन आणि फाल्गुनाच्या उन्हात तापलेली पांढरी माती. रेणापूरजवळच्या आमच्या गावात, टेकडीवरच्या दर्ग्याचे ते मुजावर. उरुसाला पिराच्या मजारीवर चढणारं चंदन, म्हणजे संदल, मात्र आमच्या घरच्या सहाणेवर उगाळलं जायचं, हा पणजोबांपासूनचा मान. दुपार कलली की चाचा ओसरीवर येत, आईच्या हातून वाटी घेऊन कपाळाला लावत आणि इतक्या सावकाश टेकडी चढत, की त्यांचं चालणं हीच प्रार्थना असावी असं मला वाटे. पडद्याआड ते चंदन कसं लावत, काय पुटपुटत, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ते बापाने फक्त मुलाला सांगायचं.

आणि मुलगाच नको म्हणाला. सलीम लातूरला धर्मसुधारणेच्या मंडळींत बसू लागला होता. वाईट नव्हता हो तो. त्याची तंबाखू सुटली, बापाच्या डोळ्यांचं ऑपरेशन त्यानेच करवलं. पण कबरीपुढे झुकणं त्याला पाप वाटे. शेवटी त्याने स्पष्टच सांगितलं, दर्गा सोडा, नाहीतर नातवंडांना विसरा.

त्या उरुसाला चाचा सकाळीच आले. आईचं चंदन निम्मं उगाळून झालं होतं.

"वहिनी, ऱ्हाऊ द्या आता. म्या लातूरला चाललो. लेकरांबिगर न्हाई ऱ्हावत मला."

आई नुसतं "हाव" म्हणाली. सवयीने चाचांचे दोन्ही हात वाटीकडे पुढे आले आणि तसेच मागे गेले. मला बापलेक दोघांचाही राग आला, चाचांचा जरा जास्तच.

दोन हिवाळे त्यांनी लातुरात खिडकीपाशी काढले. गेले तेव्हा सलीमने त्यांना साध्या मातीत निजवलं, जनाज्याची नमाज स्वतः पढवली आणि मग भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडला. माझा राग तिथेच संपला.

यंदाच्या उरुसाला आईने कुणी न सांगता सहाण काढली. वाटी घेऊन मीच टेकडी चढलो, पडदा सारला आणि थबकलो. सुरुवात उशाकडून करायची की पायांकडून? सलीमला फोन केला.

"मला बी सांगितलं न्हाई," तो म्हणाला. "मीच ऐकून घेतलं न्हाई."

चंदन वाटीतच वाळत गेलं. माणूस गेल्यावर त्याचा गंध काही काळ मागे राहतो, पण त्याचे हात राहत नाहीत.