दोन जोड स्पीकर आणि एक ओळ

प्रज्ञेश खिल्लारेचं रेकॉर्डिंगचं दुकान वसमतला बसस्टँडच्या मागे, एका खतवाल्याच्या गोदामावर होतं. दुकान म्हणजे एक खोली. प्रज्ञेश तिला स्टुडिओ म्हणायचा आणि खालचा खतवाला म्हणायचा, पोराचं वरचं लफडं. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना हळदीची जुनी पोती ठोकून त्यांत टाकाऊ कापूस भरलेला होता. आवाज घुमत नसे, हे खरं, पण नवा गायक पहिल्या कडव्यालाच शिंकायचा. मोठ्या शहरातल्या स्टुडिओत एसी असतो, आपल्याकडे हळद आहे, असं सांगून प्रज्ञेश त्याला पाणी द्यायचा आणि टेप पुन्हा मागे घ्यायचा.

२००४ सालचा फेब्रुवारी संपत आला होता. कॅसेटचे दिवस भरले होते, जो तो सीडी मागत होता. प्रज्ञेशने मनाशी ठरवलं होतं, की येत्या चौदा एप्रिलला बापाच्या कॅसेटची सीडी काढायची.

बाप म्हणजे हट्ट्याचे जळबा खिल्लारे. त्यांची गायन पार्टी एकेकाळी जिल्हाभर फिरायची. बाबासाहेबांच्या शताब्दीच्या साली, म्हणजे एक्क्याण्णवला, नांदेडला जाऊन त्यांनी आठ गाण्यांची कॅसेट भरली होती. त्यातलं ‘ओंजळ पाण्याची, ओंजळ मानाची’ हे चवदार तळ्याचं गाणं तर पोरासोरांच्या तोंडी होतं. शेवटच्या कडव्यात ‘मानाची’ हा शब्द असा वर चढायचा, की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. त्या एका ओळीवर जळबा तेरा वर्षं जगत होते, असं म्हटलं तरी चालेल. लग्नात, मयतीत, चहाच्या टपरीवर, कुठेही विषय निघो न निघो, ती ओळ कशी लागली हे ते सांगायचे. घरी गाणं शिकायला येणाऱ्या पोरींना ओट्यावर बसवून श्वास कुठून उचलायचा ते दाखवायचे. स्वतः मात्र आता गात नसत. गळा गेला, म्हणायचे, पण काम करून गेला.

सीडी काढायची तर जुना टेप साफ करायला हवा होता, आणि प्रज्ञेशच्या जुन्या स्पीकरपैकी एकाचा पडदा उंदराने खाल्लेला. नांदेडला अमृतराव नावाचा ओळखीचा दुकानदार होता. त्याने दोन जोड समोर ठेवले. एक मोठा, कमरेएवढा, लाकडी पॉलिशचा, घरातल्या म्युझिक सिस्टिमचा. दुसरा लहान, काळा, बिनजाळीचा, स्टुडिओत वापरायचे मॉनिटर म्हणतात तो.

“मोठे गोड वाजतात,” अमृतराव म्हणाला. “खालचा आवाज फुगवतात, वरचा चमकवतात, पाहुणे खूश. लहान्यांना हे जमत नाही. टेपात जे आहे ते तोंडावर मारतात. तुमाला काय पायजे ते तुमी ठरवा. आठ दिवस दोन्ही न्या, एक ठेवा, एक आणून द्या.”

दोन्ही जोड एसटीच्या टपावरून वसमतला आले. जळबा दुसऱ्याच दिवशी हट्ट्याहून बघायला आले. मॉनिटर बघून ते हसले. “ह्या काय खुडूक कोंबड्या आनल्यास?” म्हणाले आणि मोठ्यांवर आपली कॅसेट लावायला सांगितली. ढोलकी छातीत वाजली, पेटी खोलीभर पसरली, आणि ‘मानाची’ आली तेव्हा जळबांचा उजवा हात आपोआप वर गेला. कार्यक्रमातही ते तसंच करायचे. वरची ओळ आली की डोळे मिटायचे, हात आभाळाकडे आणि मान कोरसाच्या बाजूला. लोकांना हात दिसायचा आणि सूर ऐकू यायचा.

“हेच ठेव,” ते म्हणाले. “दुसरं बगूच नको.”

प्रज्ञेशने तेव्हा मान हलवली. पण तो रेकॉर्डिंगवाला होता, घेतलेली वस्तू वाजवून बघितल्याशिवाय त्याला परत करवली नसती. दोन दिवसांनी, दुपारी वीज होती तेवढ्यात, त्याने मॉनिटर टेबलावर कानाच्या उंचीला मांडले, मध्ये खुर्ची घेतली आणि तोच टेप लावला.

आधी त्याला ते आवडलंच नाही. ढोलकी कोरडी, पेटी चिरकी, सगळं वाळत घातल्यासारखं सुटं सुटं. नांदेडच्या त्या रेकॉर्डिंगला दोनच माइक होते. एक जळबांना, तो डावीकडे भरला होता. दुसरा कोरसाच्या पाच जणांत मिळून, तो उजवीकडे. डावीकडे बाप गात होता, उजवीकडे कोरस झेलत होता. शेवटचं कडवं आलं. ‘ओंजळ पाण्याची,’ बाप म्हणाला. ‘ओंजळ...’ आणि डावी बाजू रिकामी झाली. आवंढा गिळल्याचा बारीक आवाज तेवढा आला. ‘मानाची’ उजवीकडून चढली होती. कोरसात बाई एकच होती, आणि ती प्रज्ञेशची आई होती.

त्याने टेप मागे घेतला. एकदा, दोनदा, सहा वेळा. सहाही वेळा ती आईच होती. आईचं कौतुक वाटायला हवं होतं आणि वाटतही होतं, पण डोळ्यांसमोर ओट्यावरचा बाप येत होता. बाप खोटं बोलत नव्हता, हे त्याला पक्कं माहीत होतं. डोळे मिटून, जीव लावून गाणाऱ्या माणसाला डोक्यातला सूर आणि गळ्यातला सूर यांतला फरक कुठे कळतो? बापाला खरंच वाटत होतं, की ती ओळ आपली आहे. ती काढून घेतली तर मागे काय उरणार?

दोन दिवस त्याला जेवण गोड लागलं नाही. शेवटी त्याने ठरवलं: मॉनिटर परत द्यायचे. मोठे ठेवायचे, त्यांच्यावरच सीडी करायची, आणि कव्हरवर आधी होतं तेच छापायचं: ‘गायक : जळबा खिल्लारे आणि पार्टी’. तेरा वर्षं ज्याने कुणाचं बिघडलं नाही त्याने आताही बिघडणार नव्हतं. कव्हरचा कागद त्याने छापखान्यात द्यायला तयार करून ठेवला.

आठव्या दिवशी जळबा आणि प्रज्ञेशची आई सोजराबाई दोघं आली. सोजराबाईंना डोळ्यांच्या दवाखान्यात जायचं होतं. जळबा खाली खतवाल्याशी बोलत थांबले, अर्थात त्या ओळीबद्दलच. सोजराबाई वर आल्या, पदराने खुर्ची पुसून बसल्या आणि भाकरीचं फडकं टेबलावर, मॉनिटरच्या शेजारी ठेवलं.

प्रज्ञेशने गप्प राहायचं ठरवलं होतं. आईचा चेहरा बघितल्यावर त्याला ते जमलं नाही. त्याने टेप लावला.

सोजराबाईंनी ऐकलं. ओळ आली तेव्हा त्यांनी पापणीसुद्धा हलवली नाही.

“माय, ही तू हायस.”

“मला म्हाईत हाय.”

“तवापून?”

“तवापून. लगोलग परोगराम झाले व्हते, हट्टा काय, शिरड शहापूर काय. गळा बसला त्यांचा. ओळ खाली पडून राहिली, म्या उचलली. न्हाई उचलावं तं समद्या पार्टीची फजिती.”

“मंग सांगितलं काहून न्हाई?”

“सांगणारच व्हते. पन नांदेडहून वापस येताना गाडीत ते म्हनले, ‘सोजरे, आज लागला बग सूर.’ इतके खूश व्हते. काय सांगू?”

“तुला वाईट न्हाई वाटलं?”

“वाटलं तं!” सोजराबाई एकदम चिडल्या. “न वाटायला मी काय धोंडा हाय? तिकडं ओट्यावर पोरींना शिकवतेत ती ओळ कशी घ्यावी, अन् इकडं मी भाकरी थापून राहिले. समदं ऐकू येतंय मला.”

“पुन्हा लाव,” दारातून आवाज आला.

जळबा कधी वर आले होते कुणास ठाऊक. चपला त्यांच्या हातातच होत्या. प्रज्ञेशने आईकडे बघितलं.

“लाव म्हनतो ना.”

त्याने लावला. जळबा उभ्यानेच ऐकत राहिले. ओळ झाल्यावर म्हणाले, “डबे खराब हायत.” मॉनिटरच्या मागे वाकून बघितलं. “पुन्हा लाव,” ते म्हणाले, आणि या वेळी खाली चटईवर बसले. तिसऱ्यांदा लावल्यावर त्यांनी डोळे मिटले, पण हात मांडीवरच राहिला.

मग त्यांनी बाकीची गाणीही लावायला सांगितली. प्रत्येक वरची ओळ आली की ते बायकोकडे न बघता विचारायचे.

“ही?”

“तुमी.”

“ही?”

“ही मी.”

जळबांचा चेहरा पडत चालला होता. प्रज्ञेशला तिथे बसवेना, पण उठताही येईना. पाचवं गाणं लागलं. धम्मचक्राचं, जळबांचं स्वतःचं आवडतं. शेवटी सूर चढला आणि जळबांनी विचारायच्या आधीच सोजराबाई म्हणाल्या, “ही तुमी. बराबर तुमीच.”

ती ओळ उजवीकडून आली होती. प्रज्ञेशने मान खाली घातली.

“सोजरे,” जळबा म्हणाले, “मला बी कान हायत. आता काहून खोटं बोलून राहिलीस?”

सोजराबाईंनी पदर डोळ्यांना लावला. डॉक्टरनेच डोळ्यांत औषध घातलंय असं म्हणायची सोय होती, पण दवाखान्यात अजून जायचंच होतं.

आठही गाणी संपेपर्यंत जळबा बसून राहिले. मग उठले, टेबलावरचा कव्हरचा कागद उचलला आणि लांब धरून वाचला. “पेन दे,” म्हणाले.

“बाबा, उद्या बघू. घाई न्हाई.”

“दे म्हनतो.”

“अवो, आता ह्या वयात नाव कशाला?” सोजराबाई म्हणाल्या. “लोक हसतील तुमाला. तेरा वर्षं सांगत फिरलेत तुमी.”

“हसू दे. गानं तवाचं हाय, नाव बी तवाच पायजे व्हतं.”

आपल्या नावाच्या वर जागा कमी होती, तिथे त्यांनी एकेक अक्षर कोरल्यासारखं लिहिलं. बराच वेळ लागला. सोजराबाईंना वाचता येत नव्हतं. त्या कागदाकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, “काय लिवलं?”

“गायिका, सोजराबाई जळबा खिल्लारे,” जळबांनी वाचलं.

“फिरून वाचा.”

जळबांनी पुन्हा वाचलं.