मुठीतली गोळी

रविवारची सकाळ नेहमीसारखीच सुरू झाली. नळ जाण्याआधी साधनाने पिंप भरून घेतले, दूध तापवले, नवऱ्याच्या, शलमोनच्या, पांढऱ्या सदऱ्याला इस्त्री केली आणि पवित्र शास्त्राची पिशवी दाराशी ठेवली. मग तिने जिऱ्याचा डबा उघडला. जिऱ्याखाली फिटच्या गोळ्यांचे पाकीट होते. शलमोनला ते ठाऊक होते. चर्चच्या मंडळीत कोणालाही नव्हते.

नाताळनंतरच्या उपासनेत तिने साक्ष दिली होती की, प्रार्थनेने माझ्या फिट थांबल्या. गोळ्यांचे नाव घेतले तर विश्वास उणा दिसेल, एवढ्याच भीतीने तिने ते गाळले होते. लोकांनी हालेलुया म्हटले. पाळकांनी तीच साक्ष पुढेही सांगायला लावली, आणि दर वेळी ती तिला अधिक सफाईने सांगता आली.

गोळी हातात घेतली तोच दार वाजले. मूठ मिटूनच तिने दार उघडले.

दारात मंडळीतल्या पार्बताबाई होत्या. पहाटेच्या एसटीने नांदगाव खंडेश्वरहून आल्या होत्या. सोबत त्यांची मुलगी चंदा. तिच्या कपाळावर पट्टी.

"सलाम, ताई. काल चुलीपाशी पडली हे. फिट आली. तुमची साक्ष आयकली अन् मी हिच्या गोया बंद केल्या होत्या."

"काहून बंद केल्या, बाई?" साधनाने विचारले.

"तुमच्यावानी इश्वास ठेवावा म्हटलं. माहाच कमी पडला असन. माह्या पापाची शिक्षा पोरीले."

"काल त मलेच म्हणे, तुयाच मनात शंका हाय," चंदा पुटपुटली.

"तू चूप बस. ताईनं डोक्यावर हात ठेवला का होते बरं."

शलमोनने वर्तमानपत्रावरून साधनाकडे पाहिले आणि नजर खाली घेतली.

साधनाने डावा हात चंदाच्या डोक्यावर ठेवला. उजव्या मुठीत गोळी ओलसर होत होती. "हे प्रभू" एवढेच शब्द बाहेर आले. पार्बताबाई मान खाली घालून, हात जोडून उभ्या होत्या. जी लाज साधनाने बाळगायला हवी होती, ती ही बाई एसटीने घेऊन आली होती.

तिने हात काढला. "अहो, पाणी आणता का?"

दोघींच्या समोर तिने मूठ उघडली आणि गोळी घेतली.

"ही मी रोज घेते. साक्ष देत होते तेव्हाही घेत होते."

"म्हंजे प्रभूनं नाही केलं बरं?"

"त्यानंच केलं. मी अर्धंच सांगितलं."

पार्बताबाईंनी तिच्याकडे सरळ पाहिले. "मंग त्या अर्ध्यात माही पोर जात होती नं, ताई."

"हो," साधना म्हणाली.

"हिच्या गोळ्या आहेत का जवळ?" शलमोनने विचारले.

"पिशवीतच हायेत. फेकाची हिंमत नाही झाली."

पार्बताबाईंकडून नंबर घेऊन त्याने चंदाच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी गोळी लगेच सुरू करायला आणि उद्या तपासायला आणायला सांगितले. साधनाने ग्लास धुऊन पुन्हा भरला आणि चंदाच्या हाती दिला. मग जिऱ्याच्या डब्यातले पाकीट काढून तिने शास्त्राच्या पिशवीत टाकले.

उपासनेत पाळकांनी साक्षीसाठी विचारले, तेव्हा नाव पुकारले जाण्याची वाट न पाहता ती उठली. जिऱ्याचा वास लागलेले पाकीट तिने शास्त्रावर ठेवले आणि नाताळनंतर जे गाळले होते ते सांगितले. या वेळी सफाई नव्हती. दोनदा ती अडखळली.

कोणीही हालेलुया म्हटले नाही. पाकीट तिथेच उघड्यावर राहू देऊन ती खाली बसली.