बाईंना काहीच येत नव्हतं

वजनकाट्यांच्या कारखान्यात मला तपासणीतून उचलून तक्रारींच्या फोनवर बसवलं, तेव्हाची गोष्ट. गिऱ्हाईक ओरडलं की माझी वाचा बसायची. साहेबांनी तीन महिने दिले. नाही जमलं तर घरी.

मला सुधारायला बरीच माणसं आली. प्रशिक्षकाने फोनवर हसायला शिकवलं. मी हसलो, गिऱ्हाईक आणखी भडकलं. सल्लागाराने दोन दिवस माझं टेबल मोजून अहवाल दिला, टेबल खिडकीकडे हलवा. हलवलं. आता वाचा उजेडात बसू लागली. आमच्यातले सर्वांत जुने काका मार्गदर्शक झाले. त्यांनी स्वतःचा अनुभव सांगितला. त्यांच्या वेळी तक्रारी पोस्टाने येत.

शेवटी कोच म्हणून एक बाई आल्या. दर गुरुवारी चारला, जुन्या वजनांच्या खोलीत. अजून आठवतो तिथला तेलाचा वास, कापडात गुंडाळलेली पितळी वजनं आणि एक पाय आखूड असलेलं स्टूल. बाई त्यावर डुलत बसायच्या.

"काय अडतंय?"

"तुम्हीच सांगा ना."

"मला कसं कळणार? तुला काय वाटतं?"

तिसऱ्या गुरुवारी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाईंना काहीच येत नाही. कळलं तर यांचीच नोकरी जायची. मग मी घरून उत्तरं तयार करून नेऊ लागलो.

आई म्हणाली, "शाळेत एवढा अभ्यास केला असतास तर."

"आई, एका बाईंच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे."

पुढच्या गुरुवारी बाईंनी विचारलं, "तू घाबरत नाहीस असं कधी होतं?"

"वजनं तपासताना."

"मग?"

"मग काय, फोनवर वजन हातात धरू?"

"धरून बघशील?"

मुदतीच्या शेवटच्या दिवशी साहेब माझ्या मागे उभे. फोनवर एक किराणावाला कडाडला, "तुमच्या काट्याने मला गावभर चोर ठरवलंय." मी डाव्या हातात दोन किलो घट्ट धरले.

"शेटजी, काटा ठेवलाय कशावर?"

शेटजींचा आवाज एकदम उतरला. "गादीवर."

"फरशीवर ठेवून बघा. मी थांबतो."

काटा सुधारला. साहेब जाता जाता म्हणाले, "ते वजन इथेच राहू दे."

मी धावत खोलीत गेलो. "बाई, मी राहिलो. आणि तुम्हाला काही येत नाही हे कुणाला सांगितलं नाहीये."

बाई गंभीरपणे म्हणाल्या, "फार सांभाळून घेतलंस रे."

त्या खोलीत आता पाण्याचं मशीन आहे. गुरुवारी चार वाजता, तहान नसली तरी, मी जाऊन येतो.